इतिहासाचा तास : शिक्षक नेहमी विचारतात ते प्रश्न

ठाण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी तेवीस वर्षं इतिहास शिकवते आहे. प्रशिक्षणाच्या मधल्या सुट्टीत, स्टाफरूममध्ये, रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर, नवे शिक्षक तेच तेच प्रश्न विचारतात. दर वेळी उत्तर टाइप करून बोटं दुखतात, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवते. उदाहरणं ठाणे आणि नवी मुंबईची आहेत, कारण माझ्यासमोर बसणारी मुलं इथली आहेत. तुमच्या गावाची उदाहरणं तुम्ही शोधा, सापडतातच.

इतिहासाच्या तासाला मुलं पेंगतात. नेमकं चुकतं कुठे?

मुलांना न पडलेल्या प्रश्नांची उत्तरं आपण पस्तीस मिनिटं देत बसतो, तिथे. वसईची मोहीम का झाली याची चार कारणं फळ्यावर येतात, मुलं ती उतरवतात, घंटा होते. मोहीम का झाली असेल असा विचार त्यातल्या एकाच्याही डोक्यात आलेला नसतो.

सध्याच्या सातवी, आठवी आणि नववीच्या पुस्तकांचा पहिला धडा काढून बघा. तिन्हीकडे ‘इतिहासाची साधने’. सहावीतही तो पहिल्या दोनांत आहेच. भौतिक साधने, लिखित साधने, मौखिक साधने. जूनमध्ये छत्र्यांचं पाणी वर्गात निथळत असताना आपण हा धडा दोन तासांत उरकतो, तक्ता काढून घेतो आणि पुढच्या जूनपर्यंत त्याचं तोंड बघत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की हा धडा संपवू नका. तो वर्षभर उघडा ठेवा. पुढचा प्रत्येक धडा शिकवताना एक तरी साधन मुलांच्या हातात पडू द्या. एखादं पत्र, नाणं, नकाशा, शिलालेखाचा फोटो, आजीची आठवण, काहीही चालेल. आधी ते हाताळू द्या, मग धड्याकडे या.

पस्तीस मिनिटांच्या तासाचं टाचण कसं लिहायचं?

पर्यवेक्षकांना दाखवायची टाचणवही असते, तिच्यात उद्दिष्टं, अध्ययन निष्पत्ती वगैरे रीतसर लिहायचंच. ती लिहिण्यात काही गैर नाही. पण तास चालतो तो त्या वहीवर नाही. मी पुस्तकात एक चिठ्ठी ठेवते. तिच्यावर तीन गोष्टी असतात. मुलांपुढे काय ठेवणार, पहिला प्रश्न कोणता, आणि घंटेआधी मुलं वहीत काय लिहिणार. बस.

आठवीच्या एका तासाची चिठ्ठी सांगते. ब्रिटिश राजवटीतले दळणवळण हा मुद्दा आहे. वर्गात शिरल्यावर एक अक्षर न बोलता फळ्यावर लिहायचं : ‘१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे. ३४ किलोमीटर. १४ डबे. सुमारे ४०० माणसं. ३ इंजिनं : साहिब, सिंध, सुलतान. २१ तोफांची सलामी.’ मग खडू खाली ठेवायचा आणि म्हणायचं, यावर प्रश्न काढा, उत्तरं नकोत.

पहिली दोन मिनिटं शांतता असते. ती सहन करायची. नव्या शिक्षकांना ती सहन होत नाही आणि ते स्वतःच बोलायला लागतात. मग एक हात वर येतो. “बाई, तिकीट किती होतं?” छान. तिकीट काढून नव्हे, बोलावणं आलेली पाहुणे मंडळी होती ती. मग पुढचा प्रश्न मुलंच विचारतात : कोणाला बोलावलं नव्हतं? तिसरा : एवढ्याशा गाडीला तीन इंजिनं कशाला? चौथा हमखास मागच्या बाकावरून येतो : “ठाण्यालाच का?” इथे खरा धडा सुरू होतो. त्या वेळी ठाण्याच्या पुढे खाडी होती, पूल व्हायचा होता. १८५४ मध्ये गाडी कल्याणला गेली, १८६३ मध्ये बोरघाट चढली. घाट फोडून इतका खर्च करून वर जायचं ते कशासाठी, असं विचारलं की वर्ग देशावरच्या कापसापर्यंत येतो, कापसावरून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत येतो, आणि मग पुस्तकातला परिच्छेद उघडायचा. आता तो परिच्छेद त्यांच्या प्रश्नाचं उत्तर असतो.

एक वर्षी एका मुलाने मोबाइलवर शोधून आणलं की त्या दिवशी गाडीला सत्तावन्न मिनिटं लागली. दुसऱ्याने आणलं सव्वा तास. दोघं भांडायला लागले. मी मिटवलं नाही. सत्तावन्न मिनिटं म्हणजे फक्त चालण्याचा वेळ धरला असेल का, वाटेत पाणी भरायला थांबली ती मिनिटं सव्वा तासात मिळवली असतील का, यावर वर्गाने दहा मिनिटं डोकं चालवलं. शेवटी कोणीतरी म्हणालं, “म्हणजे आजच्या स्लो लोकलएवढाच वेळ की!” त्या तासाला कोणी पेंगलं नाही.

गोष्टीरूपाने शिकवावं का? मुलांना गोष्टी आवडतात.

आवडतात, आणि सांगाव्यात. मात्र गोष्ट रंगली की ती कुठून आली हे सांगायला आपण विसरतो. माझ्याकडून घडलेली चूक सांगते.

ठाण्याचा किल्ला, म्हणजे आताचं मध्यवर्ती कारागृह. बाजीराव दुसरा यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे इथे कैदेत होते. १८१५ मध्ये पंढरपुरात गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला, त्यात इंग्रजांनी त्रिंबकजींना जबाबदार धरलं. इथला कोणी फितूर होऊ नये म्हणून पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. आणि तिथेच घात झाला, कारण त्यांना मराठी कळत नव्हतं. एका अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करता करता तटाखाली गाणी म्हणायचा आणि गाण्यातूनच निरोप द्यायचा. पंचावन्न घोडे उभे आहेत, स्वार चोपन्नच आहेत, पंचावन्नावा स्वार घोड्यावर बसला की दख्खनचं नशीब फिरेल. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटले.

पहिली काही वर्षं मी ही गोष्ट हातवारे करून सांगायचे. मुलं डोळे मोठे करून ऐकायची. एकदा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, हे गाणं लिहून कोणी ठेवलं?” मी ऐटीत सांगितलं, बिशप हेबर यांनी. ती म्हणाली, “त्यांना मराठी येत होतं?”

मी गप्प. रेजिनाल्ड हेबर हे कलकत्त्याचे बिशप. त्यांचा हा प्रवास १८२४-२५ चा, म्हणजे पलायनानंतर आठ-नऊ वर्षांनी. त्यांनी जे दिलं ते इंग्रजी, यमक जुळवलेलं, आणि हेबर स्वतः कवी होते. पुस्तक छापून आलं १८२८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर. मग तटाखाली खरंच काय गायलं गेलं? पंचावन्न हा आकडा मोतद्दाराचा की कवीचा? तेव्हापासून मी गोष्ट तशीच रंगवून सांगते, पण घंटेआधी दहा मिनिटं राखून ठेवते आणि तिने विचारलं तेच वर्गाला विचारते : कोणी लिहिलं, कधी लिहिलं, तो तिथे होता का, त्याला कोणी सांगितलं असेल. गोष्टीची मजा यानं कमी होत नाही. उलट मुलं घरी जाऊन आईला गोष्टही सांगतात आणि हा संशयही सांगतात.

लहान वर्गांना मूळ साधनं झेपतात का? मोडी त्यांना वाचता येत नाही.

मोडी आपल्यापैकी तरी कितीजणांना येते? देवनागरीत छापलेली पत्रं पुष्कळ आहेत. निवडताना एकच बघायचं : पत्रात रोजच्या जगण्यातली एखादी वस्तू आहे का.

माझं आवडतं पत्र १९ मे १६७३ चं. चिपळूणजवळ घोडदळाची छावणी होती, तिथल्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना शिवाजी महाराजांचं पत्र. पावसाळा तोंडावर आलेला. दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आत्ताच उधळलीत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांकडे जाल, कोणी दाणे आणील, कोणी गवत, कोणी फाटी, कोणी भाजी. रयत म्हणेल, यापेक्षा मोगल बरे. आणि मग शेवटी आगीची काळजी. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, चिलीम ओढू नका, रात्री दिवा ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात घेऊन जाईल.

हा उंदीर वर्गात सोडला की पुढचं काम तोच करतो. चौथीची मुलं हसतात. मग विचारायचं, एवढं मोठं राज्य चालवणारा माणूस उंदराचा विचार का करतो? सातवीच्या वर्गात पुढे जायचं : यावरून पगार, रसद, शेतकरी आणि फौज यांच्याबद्दल काय काय कळतं? ‘शिवरायांचे रयतविषयक धोरण’ अशी टीप लिहायला पुढे परीक्षेत येते, तेव्हा ज्या मुलाने हे पत्र वाचलंय त्याला पाठांतर करावं लागत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. पत्र अख्खं देऊ नका. आठ-दहा ओळी, मोठ्या टायपात, अवघड शब्दांचे अर्थ बाजूला. बाकावर दोघांत एक प्रत. आधी तुम्ही मोठ्याने वाचा. जुन्या मराठीला कानाने सवय व्हावी लागते, डोळ्यांनी ती अडखळते.

सनावळ्या पाठ करून घ्यायच्या की नाही?

थोड्या घ्यायच्या. सनावळी नकोच असं म्हणण्याची हल्ली फॅशन आहे, ती मला पटत नाही. खुंट्याच नसतील तर कपडे टांगणार कुठे? इयत्तेला बारा-पंधरा सन पक्के हवेत. बाकीच्यांचा क्रम कळला तरी पुरे.

मुलांना अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. १६३० आणि १८५७ हे दोन्ही त्यांना सारखेच ‘खूप पूर्वी’. त्यावर सुतळीचा उपाय करा. एक मीटर म्हणजे शंभर वर्षं. एका टोकाला आजचा दिवस. मुलं मोजून चिठ्ठ्या टोचतात. ठाण्याची रेल्वे पावणेदोन मीटरच्या अलीकडे, मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून ठाणे घेतलं ते १७३७ साल तीन मीटरच्या जरा आत, शिवजन्म चार मीटरपाशी. अंबरनाथचं शिवमंदिर, शिलालेखातल्या शके ९८२ प्रमाणे इसवी सन १०६०, साडेनऊ मीटरच्या पलीकडे. इथवर सुतळी व्हरांड्यात मावते. मग सहावीतलं पोर विचारतं, “आणि हडप्पा?” ती भरभराटीची नगरं पंचेचाळीस मीटरवर. सुतळी जिना उतरून मैदानात न्यावी लागते, पाण्याच्या टाकीपर्यंत. टाकीपाशी उभ्या राहिलेल्या मुलाने व्हरांड्यातल्या शिवाजी महाराजांकडे वळून बघितलं की काळ म्हणजे काय ते त्याला पायांतून कळतं.

हे सगळं ठीक, पण पोर्शन कधी पूर्ण करायचा?

हा प्रश्न रागानेच विचारला जातो आणि राग रास्त आहे. आठवड्याला हाती तीन तास, त्यातलाच नागरिकशास्त्राचा, त्यात निवडणुकीची ड्युटी, स्नेहसंमेलनाची तालीम, प्रॉक्सी.

मी जूनमध्ये अनुक्रमणिका घेऊन बसते आणि धड्यांपुढे खुणा करते. सत्रात तीन धडे ‘थांबायचे’. तिथे साधन, चर्चा, सुतळी, सगळं. चार धडे ‘चालत जायचे’. उरलेले ‘पळायचे’ : घरी वाचून या, मी पंधरा मिनिटांत सांगाडा देते, स्वाध्याय वर्गात सोडवू. सगळेच धडे सारख्या निष्ठेने शिकवायला गेलात तर फेब्रुवारीत शेवटचे तीन धडे मुलांच्या अंगावर फेकले जातात. दहावीला तर हे हमखास होतं, कारण तिथल्या ‘पर्यटन आणि इतिहास’, ‘खेळ आणि इतिहास’ या धड्यांना आपण सोपे समजून शेवटी ढकलतो. खरं तर मुलांनी स्वतः फिरून, विचारून करावेत असे तेच धडे आहेत.

थांबायचे धडे कोणते, हे मी वर्गालाही विचारते. एक धडा ते निवडतात. दरवर्षी वेगळा निघतो.

आमची शाळा नवी मुंबईत. इथे इतिहासच नाही, सगळं सिडकोने बांधलेलं. काय दाखवणार?

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, स्थापन झालं १७ मार्च १९७० ला. सिडको हाच इतिहास आहे, आणि नववीच्या ‘१९६० नंतरच्या घडामोडी’ त्याच्या शेजारी ठेवून बघा कशा जिवंत होतात.

पंच्याण्णव गावांच्या जमिनीवर हे शहर उभं आहे. तुमच्या वर्गात टॉवरमधली मुलं असतील आणि त्याच बाकावर गावठाणातली आगरी-कोळी मुलंही असतील. एकाच्या आजोबांनी इथे फ्लॅट घेतला, दुसऱ्याच्या आजोबांची तिथे मिठागरं किंवा भातखाचरं होती. जानेवारी १९८४ मध्ये उरण परिसरात जासई-दास्तान फाट्याला दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं जे आंदोलन झालं, त्यात गोळीबारात पाच आंदोलक मृत्युमुखी पडले. ज्यांच्या जमिनी शहरासाठी गेल्या त्यांना साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना त्या लढ्यातून आली. हे ‘साडेबारा टक्के’ गावठाणातल्या पोराला घरी रोज ऐकू येतं आणि टॉवरमधल्या पोराला त्याचा पत्ता नसतो. एका बाकावरची ही दोन मुलं एकमेकांची साधनं आहेत.

आणखी मागे जायचं तर २५ सप्टेंबर १९३० चा चिरनेरचा जंगल सत्याग्रह उरण तालुक्यातला. बेलापूरच्या किल्ल्याचे अवशेष शहरातच. आणि अगदी जवळचं : १९९२ मध्ये वाशीपर्यंत लोकल आली. त्याआधी मुंबईला कसे जायचात, हा प्रश्न घरात विचारून या म्हटलं की दुसऱ्या दिवशी वर्गात आवाज आवरत नाही.

ठाण्याच्या शाळांसाठी याच जातीचं दुसरं उदाहरण म्हणजे वागळे इस्टेट. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, आणि वागळे इस्टेट तिची पहिली वसाहत. आज तिथे ऑफिसं आणि मॉल दिसतात. भोंग्यावर घड्याळ लावणारी माणसं आजोबांच्या वयाची आहेत, पण ती अजून आहेत. त्यांना गाठा.

घरच्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घ्यायला सांगितल्या तर मुलं दोन ओळी लिहून आणतात.

कारण आपण “तेव्हाचं जीवन कसं होतं?” असा प्रश्न देतो. त्यावर आजोबा म्हणतात, “चांगलं होतं.” संपलं.

प्रश्न वस्तूचा द्या. पाणी कुठून भरायचात? पहिला पगार हातात आला तेव्हा काय घेतलंत? संप झाला तेव्हा घरात रोज काय शिजायचं? गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, हे पुस्तकातून सांगता येतं. त्या वर्षी दिवाळीला कंदील लावला नव्हता, हे आमच्या एका विद्यार्थिनीला तिच्या आजीने सांगितलं. लालबागहून ठाण्याला भाड्याच्या खोलीत आलेलं कुटुंब. तिने वहीत त्या ओळीखाली रेघ मारून आणली होती. मी तिला दोन तारखांच्या मध्ये ती ओळ लिहायला सांगितली, फळ्यावर, तिच्याच हाताने.

एक सांभाळा. मुलाने घरचं जे आणलं ते वर्गात वाचायचं की नाही, हे त्याला आधी खासगीत विचारा. काही घरांतल्या आठवणी अजून दुखऱ्या असतात.

क्षेत्रभेटीला कुठे न्यावं? परवानग्या, बस, पैसे, सगळंच अवघड.

सहल म्हणजे बसच, हे डोक्यातून काढा. ठाण्यात चालत होण्यासारखं पुष्कळ आहे. मासुंदा तलाव, कोपिनेश्वर मंदिर, बाजारपेठ, जुनं स्टेशन, १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय. दोन जोड तास आणि पालकांची सह्या केलेली चिठ्ठी, एवढ्यात होतं. कारागृहात अर्थातच जाता येत नाही, पण बाहेरून तट दिसतो. १९ एप्रिल १९१० ला अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना फाशी दिली ती याच भिंतींच्या आत. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याला २१ डिसेंबर १९०९ ला नाटकाच्या थिएटरात गोळ्या घातल्या, त्या खटल्यात. कान्हेरे तेव्हा कॉलेजच्या मुलाच्या वयाचे. भिंतीसमोर उभं राहून मी भाषण देत नाही, दोन तारखा सांगते आणि मधले दिवस मोजायला लावते. चार महिनेही भरत नाहीत. बाकीचं मुलं आपापसात बोलतात.

लांब जायचं तर अंबरनाथचं मंदिर लोकलने होतं. ते पूजेतलं देऊळ आहे, म्हणून सोमवार आणि महाशिवरात्रीच्या आसपास नेऊ नका, गर्दीत मुलं मोजता मोजता दिवस जातो. कान्हेरी लेणी सोमवारी बंद असतात. एक शाळा सोमवारीच बस घेऊन गेली होती, गेटवरून परत आली. कान्हेरीला गेलात तर एवढं जरूर सांगा की तिथल्या शिलालेखांत दान देणाऱ्यांमध्ये कल्याणच्या माणसांचा उल्लेख आहे. कल्याण-डोंबिवलीहून येणारी मुलं लगेच ताठ बसतात.

आणि वर्कशीट पाच प्रश्नांची, एका पानाची. पंचवीस प्रश्नांची दिलीत तर मुलं लेणी बघत नाहीत, पुढच्याची वही बघतात.

स्मार्ट बोर्डवर व्हिडिओ लावला तर?

लावा, चार मिनिटांचा. मध्ये थांबवून विचारा, हे दृश्य बनवणाऱ्याला कपडे, दागिने, आवाज कुठून मिळाले असतील? अर्ध्या तासाचा व्हिडिओ म्हणजे ऑफ तास. मुलांनाही ते कळतं.

प्रकल्प सगळे नेटवरून उतरवलेले येतात.

‘किल्ल्यांची माहिती’ असा विषय दिला की तेच येणार. आता तर एआयला सांगितलं की दोन मिनिटांत दहा पानं मिळतात, झेरॉक्सवाल्याकडे बाइंडिंग करूनही मिळतात. विषय असा द्या की जो नेटवर नसेलच. तुमच्या इमारतीच्या जागी आधी काय होतं. तुमच्या गल्लीच्या नावामागचा माणूस. घरातली सगळ्यात जुनी वस्तू आणि ती घरात कशी आली. एका मुलाने पितळी अडकित्ता आणला होता, त्याच्या चार पानांत निम्म्याहून जास्त खाडाखोड होती. मी त्याला पैकीच्या पैकी दिले आणि गुळगुळीत बाइंडिंगवाल्यांच्या पालकांनी मला पालकसभेत विचारणा केली. उत्तर द्यायला मजा आली.

मोठ्या वर्गातल्या हुशार मुलांना १८८२ चं ठाणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर दाखवा. इंग्रजीत आहे, जड आहे, आणि साहेबाच्या नजरेने लिहिलेलं आहे. म्हणूनच उपयोगाचं. आपल्या गावाबद्दल त्यात काय आहे हे वाचून मुलं चिडतात, आणि चिडलेलं मूल पुरावा शोधायला लागतं.

धर्म, जात, महापुरुष. वर्गात काही बोललं तर पालक येतील अशी भीती वाटते.

भीती खोटी नाही. माझ्याबाबत एकदा असं झालं आहे. मी काय म्हणाले याची अर्धी बातमी घरी पोचली, संध्याकाळी तीन पालक मुख्याध्यापकांच्या दालनात. माझ्याकडे त्या तासाला वाटलेला उतारा होता. तो पुढे ठेवला, म्हटलं हे वाचा, मग बोलू. दोघांनी वाचला आणि चहा घेतला. तिसऱ्यांचं समाधान झालं नाही, ते तसंच गेले.

त्यातून जे शिकले ते सांगते. वर्गात ‘माझं मत’ कमी आणि ‘या पत्रात काय लिहिलंय’ जास्त. ‘ते लोक’ हा शब्द वर्ज्य. चारशे वर्षांपूर्वीच्या लढाईतली बाजू आजच्या वर्गातल्या एखाद्या मुलाच्या आडनावाला चिकटवली जातेय असं दिसलं की तिथेच थांबवायचं, हसत नव्हे, स्पष्ट. आणि महापुरुषांबद्दल एकेरीत बोलायचं नाही. मुलांनी प्रश्न विचारला म्हणून त्यांना गप्प करायचंही नाही. “छान प्रश्न, पुरावा शोधू” हे वाक्य मला बऱ्याच वेळा तारून नेतं, पण मग दुसऱ्या दिवशी खरंच शोधून आणावं लागतं.

पेपर कसा काढावा? शेवटी गुण महत्त्वाचे.

घटक चाचणी तुमच्या हातात असते, तिथे एक तरी न पाहिलेला उतारा द्या. दहावीच्या चाळीस गुणांच्या पेपरात उताऱ्यावर प्रश्न असतोच, सवय सहावीपासून झाली तर तिथे मुलं गडबडत नाहीत. ‘सकारण स्पष्ट करा’ या प्रश्नाला मी उलटंही विचारते : विधान दिलंय, याला पुस्तकाबाहेरचा एक पुरावा लिही. सुरुवातीला निम्मी मुलं कोरं सोडतात. दिवाळीनंतर सोडत नाहीत.

माझा विषय मराठी आहे, इतिहासाचा तास गळ्यात पडलाय. काय करू?

अर्ध्या शाळांत हीच परिस्थिती. तुम्हाला भाषा येते, म्हणजे पत्र वाचता येतं, आणि हे काम बरंचसं तेच आहे. पहिल्या सत्रात एकच धडा निवडा, बाकी सध्या चालू आहे तसंच चालू द्या. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ग्रंथसंग्रहालयात एक तास बसा, ठाण्यावरची पुस्तकं मागा, एक पान शोधा जे वाचून तुम्हाला स्वतःला “अरे!” असं वाटलं. त्या पानाची झेरॉक्स काढा, चाळीस नको, वीस पुरतात. सोमवारी पहिला तास तुमचा असेल तर आणखी चांगलं, प्रार्थनेनंतर मुलं ताजी असतात.